एनॉक विगिनला काहीही न देण्याबद्दल

मी, अल्व्हा थेअर, वय एकाहत्तर, धंदा वकिली, राहणार हार्लो फॉल्स, न्यू हॅम्पशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. डॉक्टरांची तक्रार माझ्या हृदयाबद्दल आहे. बुद्धीबद्दल अजून कोणी केलेली नाही. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर, बँकेतील शिल्लक आणि घोडा माझी मुलगी लव्हिना हिला. मेपलचा रस आटवायच्या कढया बहीण मर्सी हिला; त्या तशाही तिच्याकडेच असतात.

कलम २. कचेरीची इमारत लव्हिनालाच, पण मधली लाकडी भिंत तिने काढून टाकावी. सुतार वसंतात येणार आहे. तोवर मी असेनच असे नाही.

भिंतीचे कारण नोंदवतो. एनॉक विगिन आणि मी वीस वर्षे भागीदार होतो. १८९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा कायदा मोडीत काढला, त्या दिवशी एनॉक वर्तमानपत्र घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"जमिनीवरचा कर प्रत्यक्ष, मग तिच्या भाड्यावरचाही प्रत्यक्षच," तो म्हणाला. "प्रत्यक्ष कर राज्याराज्यांत डोकी मोजून वाटा, नाहीतर लावू नका. घटनेत सरळ लिहिलंय."

"डोकी मोजून वाटलास तर गरीब राज्यातल्या माणसावर श्रीमंत राज्यातल्यापेक्षा जड कर बसतो. हा न्याय?"

"नसेल न्याय, तर घटना बदला. न्यायाधीशांना डोळे मिटायला सांगू नका."

"मर्सी डोंगरावरच्या शेताचा कर दरवर्षी भरते. गिरणीवाल्याच्या रोख्यांना कोणी हात लावत नाही. हे तिच्या तोंडावर बोलून दाखव."

रविवारी तो खरेच गेला आणि बोलला. मर्सीने दार लावून घेतले. सोमवारी मी सुतार बोलावून कचेरीत मधोमध ही भिंत घातली. त्यानंतर अठरा वर्षे त्याचा खोकला मला फळ्यांतून ऐकू येई. त्याची बायको गेली तेव्हा मी दफनाला मागच्या रांगेत उभा राहिलो आणि त्याला न भेटता परतलो.

कलम ३. माझे मत आहे तेच आहे: १८९५चा निकाल चुकीचा होता. कायद्याची पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत आणि हे मत पहिल्या पुस्तकात चिकटवावे.

कलम ४. एनॉक विगिन याला काहीही देऊ नये. पुस्तकांवर त्याचा डोळा आहे, तीही नाहीत.

हे रागाने लिहिलेले नाही. एनॉक गेल्या निवडणुकीत राज्याच्या सभागृहात गेला. गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस प्राप्तिकराची घटनादुरुस्ती तिथे मताला आली. पुरेशा राज्यांनी आधीच मान्यता दिली होती. आमच्या राज्याच्या मताने काही बदलणार नव्हते. तरी तो तापातून उठून बर्फातून गेला. तो विरोधच करणार असे सगळे धरून चालले होते. मी प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो.

तो उभा राहिला. "मला हा कर तेव्हाही नको होता, आजही नको. पण मी म्हणालो होतो, घटना बदलून आणा. आणलीय. आता विरोध केला, तर मी घटनेसाठी भांडत होतो की तिच्याआड लपत होतो, हे माझं मलाच कळणार नाही." आणि त्याने बाजूने मत दिले.

मी जिन्याशी थांबलो. "मत बदललं तुझं?"

"नाही."

"मग चल, जेवू."

स्टेशनसमोर कालवांचा रस्सा जेवलो. निघताना त्याने माझ्या कोटाची कॉलर सरळ केली.

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा कायदा आहे. वीस वर्षे प्रत्येक कागदावर आमच्या सह्या एकाखाली एक असत. या कागदावर तशा असाव्यात, म्हणून त्याला काही नाही.

व्यवस्था पाहण्याचे काम लव्हिनाकडे.

हार्लो फॉल्स, १४ नोव्हेंबर १९१३
(सही) अल्व्हा थेअर

वरील सही आम्हा तिघांसमोर झाली. सही करणारा पूर्ण शुद्धीवर आहे.

(सही) एनॉक विगिन, वकील. कलम ३ अमान्य.
(सही) रूथ कॉलबी, शिक्षिका
(सही) जेरेड स्टिकनी, टपालमास्तर