दिपेशला राक्षस करायचंय

२६ सप्टेंबर २०२५
आज ठाण्यात टेंभी नाक्यावर माझा अपमान झाला. तारीख विसरू नये म्हणून ही वही घेतली.

सुमती मॅडम आमचा अख्खा इलस्ट्रेशनचा वर्ग घेऊन नवरात्रातल्या देवीच्या दर्शनाच्या रांगेतली माणसं काढायला गेलेल्या. माझं स्केच आणि दिपेशचं स्केच त्यांनी शेजारी शेजारी धरलं. म्हणाल्या, सर्वेश, तुझ्या रांगेत नऊ माणसं आहेत आणि नऊच्या नऊ पासबुक भरायला आल्यासारखी दिसतायत. सगळे हसले. दिपेश नाही हसला. जवळ येऊन म्हणाला, टेन्शन नको घेऊस रे, माझं घर इथे मागेच आहे, ये कधीपण, चेहरे आपण मिळून करू.

मिळून! हसला असता तर एक वेळ माफ केलं असतं. आता नाही.

२७ सप्टेंबर, पहाटे ५.००
संकल्प. रोज पहाटे पन्नास स्केचेस. आई कोपरला मासळी विकायला बसते तिथली गिऱ्हाइकं काढायची. वर्षअखेरीला दिपेश माझ्याकडे शिकायला येईल. मी वेळ नाही म्हणून सांगेन.

५.१०
बाजार भरायला अवकाश आहे. जरा पडतो.

४ ऑक्टोबर
स्केचेस अकरा. पैकी सात कोळंबीची. माणसं हलतात.

१९ ऑक्टोबर
स्केचेस दोन. पण खोल आहेत.

१० नोव्हेंबर
संधी चालून आली. असाइनमेंट: सोळा पानांचं चित्रपुस्तक, गोष्ट आपली आपण लिहायची. सगळ्यात चांगल्या पुस्तकाची सोळाही पानं छापून फेब्रुवारीत एक्झिबिशनला मोठ्या भिंतीवर लागणार. भिंत एक, नाव एक. गेल्या वर्षी दिपेशचं होतं.

आई तीन वर्षांत एकदाही कॉलेजला आलेली नाही. तिला सांगून टाकलं, फेब्रुवारीत ये, भिंत आपली आहे. तिने अख्ख्या मासळीबाजाराला सांगितलं.

११ नोव्हेंबर
गोष्ट सुचली. खाडीकाठच्या गावात एक राक्षस येतो. गोड बोलून पोरांच्या पेन्सिली खातो. राक्षस म्हणजे दिपेश. सोळाही पानांवर. भिंतीसमोर उभा राहून अख्खं कॉलेज त्याला ओळखेल आणि मी तिथे हाताची घडी घालून शांत उभा असेन. घडी कशी घालायची तेही ठरवलंय.

हीरो एक गुणी पोरगा. नाव सर्वा. निव्वळ योगायोग.

२४ नोव्हेंबर
शत्रूचा अभ्यास चालू. कँटीनमध्ये चोरून दिपेशचे दोनशे बारा फोटो काढले. गोरा, लांबट मान, डाव्या गालाला खळी, डोक्यावर कायम नारिंगी टोपी. रोज वीस दिपेश काढतो. हात असा बसलाय की डोळे मिटूनही येतो. काल आईने बर्फवाल्याचा नंबर लिहून ठेवायला सांगितला, तर नंबराच्या बाजूला दिपेशच उतरला.

द्वेषात फार ताकद असते. मॅडमनी हे सिलॅबसमध्ये घ्यायला हवं.

३ डिसेंबर
कच्ची पानं दाखवली. मॅडम म्हणाल्या, राक्षसाची ती टोपी काढ, शिंगं झाकली जातायत. दुसरं, हा रागावलेला वाटत नाही, फोटोवरून काढतोयस ना? समोर आरसा ठेव, स्वतः तोंड वाकडं कर, बघ आणि काढ. सगळे इलस्ट्रेटर तेच करतात.

टोपी गेली. हरकत नाही. चेहरा बोलेल.

५ डिसेंबर
आरसा जबरदस्त! टेबलाशी बसायचं, दिपेशचं ते "मिळून करू" आठवायचं, की चेहरा आपोआप येतो. नाकपुड्या फुगतात, डावी भुवई वर, खालचा ओठ पुढे. बघतो आणि काढतो. दिपेश आतून असाच असणार.

आई दारातून बघून गेली. दाढ दुखते का विचारलं.

२८ डिसेंबर
राक्षसाची बारा पानं झाली. एकेक पान म्हणजे चपराक. मॅडमनी सातवं पान उचलून बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत पानाकडे. म्हणाल्या, धाडस आहे हं तुझं. म्हणजे ओळखलं! मी म्हटलं, मॅडम, खरं ते काढायचं, भीती कसली.

हीरोसाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. हात चालेल तसा काढतो. भोळा, लांबट मान, हसला की खळी. आरशाबिरशाची गरजच नाही.

१९ जानेवारी २०२६
पानं तयार, पण शिवण जमेना. तीन सुया मोडल्या, पान पाचवर रक्त. दिपेशने पाहिलं आणि न विचारता पुस्तक घेऊन खाली बसला. मेण लावलेल्या दोऱ्याने तासाभरात अख्खं शिवून दिलं. शत्रूच्याच हातून त्याच्या फाशीचा दोर वळून घेतला. इतिहासात फार कमी लोकांना जमलं असेल.

शिवता शिवता सगळी पानं वाचली त्याने. शेवटी हीरो राक्षसाच्या नाकाला पेन्सिल टोचतो आणि राक्षस आक्रसून कोळंबीएवढा होतो, तिथे थांबला. डोळे भरले त्याचे. म्हणाला, यार, एवढं खरं कोणी काढत नाही. आणि गेला.

घाव वर्मी लागला. जेवलो दोनदा.

६ फेब्रुवारी
भिंत मिळाली. भिंत माझी! दिपेशचं पुस्तक बाजूच्या टेबलावर, पंख्याखाली.

१४ फेब्रुवारी
एक्झिबिशन. आई सकाळचा माल विकून, ठेवणीतली साडी नेसून आली. मी भिंतीशेजारी हाताची घडी घालून उभा.

पहिली आली वर्गातली प्राप्ती. पहिलंच पान बघून किंचाळली, अय्या, सेम तू! मी म्हटलं, कोण? म्हणाली, राक्षस, अजून कोण, ही भुवई बघ ना. मग एक लहान मुलगी आईचा हात सोडून आली, राक्षसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि रडत परत गेली. प्यून धाकूकाका म्हणाले, शिंगं तेवढी नाहीत, बाकी बरोब्बर.

मी सोळाही पानं पुन्हा पाहिली. एकही दिपेश राक्षस नव्हता. दिपेश होता हीरोत. मान, खळी, सगळं.

मॅडमनी सगळ्यांसमोर भाषण केलं. स्वतःच्या मत्सराकडे इतक्या प्रामाणिकपणे बघणारा विद्यार्थी वीस वर्षांत पाहिला नाही. स्वतःला राक्षस आणि मित्राला हीरो करायला मोठं मन लागतं. टाळ्या. दिपेशने येऊन मिठीच मारली. म्हणाला, तुझ्या मनात माझ्याबद्दल काहीतरी आहे हे माहीत होतं रे, पण तू असं सांगशील वाटलं नव्हतं. सोडेना. फोटो काढले गेले. कॉलेजच्या पेजवर टाकलेत.

खरं सांगायला तोंड उघडलं. पण सांगितलं असतं तर भिंत गेली असती आणि आई समोर उभी होती. थँक्यू म्हटलं.

जाताना रिक्षात मात्र राहवलं नाही. आईला सांगून टाकलं, तो मी नाही, तो राक्षस दिपेश आहे. आई पोट धरून हसली. म्हणाली, अरे बाला, दिपेशचं नाव घेतलं का तुजं तोंड असंच व्हतं. सप्टेंबरपासना बघतंय ना मी.

फार लाज वाटली. पत्री पूल आला तेव्हा तिने विचारलं, त्या गोऱ्या पोराला जेवाला कदी आनतंस?

रविवारी म्हटलं.