हुप्प्याशी समोरासमोर

८ नोव्हेंबर, शनिवार
बुटीबोरीच्या गिरणीत सुपरवायझर होतो. रिटायर होऊन नरखेडला आमच्या संत्र्याच्या बागेत आलो, तर इथं वानरांची ही बेशिस्त! तोडणीआधीच टोळी झाडं झोडून राहिली. धाकटा भाऊ अंकुश म्हणतो, जाळी लावू. म्हटलं, माझ्यावर सोड. मोबाइलवर व्हिडिओ पाहिलाय. टोळीत एकच मोठा नर राज्य करतो, हुप्प्या. त्याला नमवला की बाकी आपोआप लाइनीत. शेवटी मॅनेजमेंटच.

९ नोव्हेंबर, सकाळी
हुप्प्या बांधावरच्या कडुनिंबावर. खाली उभा राहून त्याच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. त्यानं दात दाखवले. हसला. सुरुवात चांगली.
दुपारी. पाठ फिरवताच मागून येऊन चापट मारून गेला. ओळख वाढते आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार
उंच बसतो तो मोठा, असं व्हिडिओत होतं. पंपघराच्या पत्र्यावर चढलो. तो आणखी उंच गेला. मला उतरता येईना. आमची गोपिका शिडी घेऊन आली. म्हणाली, "काहून चढले जी? वानरं कमी पडले काय बागेत?" बायकोला लीडरशिप कळत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
अंकुशनं जाळी आणली. परत पाठवली. एका बागेत दोन धोरणं चालत नाहीत. हुप्प्यासमोर टोपलीभर निवडक संत्री ठेवली. अट एकच : झाडावरच्या फळांना हात लावायचा नाही. त्यानं खाल्ली. म्हणजे मंजूर.

१५ नोव्हेंबर
अख्खी टोळी टोपलीची वाट पाहत बसली. टोपली नाही म्हणून झाडं झोडली. शिस्तीला वेळ लागतो. अंकुश माझ्याशी बोलून नाही राहिला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
बाहेरचे भटके नर घुसले. माझ्या हुप्प्यावर तुटून पडले. मी काठी घेऊन त्याच्या बाजूनं उतरलो. पोटरीला चावा. इंजेक्शन. डॉक्टरनं विचारलं, कोणतं वानर? म्हटलं, विरोधी पक्षाचं.

१९ नोव्हेंबर
नवा हुप्प्या बसला. कालपर्यंत जुन्याच्या उवा वेचणाऱ्या माद्या आज याच्या वेचतात. निष्ठा म्हणून काही राहिली नाही.
दुपारी अंकुश माणसं घेऊन आला अन् जाळी चढवली. मला विचारलं नाही. गोपिका चहा घेऊन आली. पहिला कप अंकुशला. मी हात पुढं केला तर म्हणाली, "थांबा जी, कामाच्या माणसायले देऊ द्या अगोदर."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
जाळी टिकली. उरलेलं पीक वाचलं. शत्रूचा अभ्यास माझाच होता, हे कुणी बोलत नाही.
संध्याकाळी विहिरीवर गेलो. जुना हुप्प्या कठड्यावर एकटाच, कान फाटलेला. म्हटलं, याला तरी माझी किंमत कळेल. त्याच्यासाठी रक्त सांडलंय. लंगडत जाऊन शेजारी बसलो. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उठला आणि लांब जाऊन बसला.