ऑपरेशननंतरची पहिली फिट

दादा,

तू कारखान्यात लेथवर माझी जागा राखून ठेवली आहेस, म्हणून हे लिहायला हात धजत नाही.

ऑपरेशनआधी डॉक्टरबाईंनी आपल्या दोघांना बजावलं होतं, "यांची फिट एका जागी सुरू होते, पण लगेच मेंदूभर पसरते. अशा वेळी तेवढा भाग काढूनही गुण येईलच असं नाही." तरी आपण हो म्हटलं.

काल भाजी चिरता चिरता मी कोसळलो. शुद्धीवर आलो तेव्हा लेक माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबा, आता परत डोकं उघडणार?"

"नाही गं."

तिचा जीव भांड्यात पडला. आता काढण्यासारखं काही उरलेलं नाही, हे तिला कसं सांगू? तुला तरी कसं कळवू?

तुझा,
धाकटा