चढावरचा बाक

४ जानेवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी खुशाली बाबांकडून कळते, कारण तू फोन त्यांनाच करतेस आणि ते तुझ्याशी बोलायला अंगणात जातात. तुझ्याशी बोलायचं नाही असं मी सभेच्या दिवशी ठरवलं होतं आणि ठरवलेलं मी मोडत नाही. पत्राबद्दल काही ठरलं नव्हतं.

तर तू आखलेला बाजाररस्ता झाला. गाड्या आता एकाच दिशेनं आणि मुंगीच्या पावलानं जातात. फुटपाथ इतका रुंद केलायस की बायका तिघी-तिघी गप्पा मारत चालतात आणि मागच्याला वाट देत नाहीत. सायकलींच्या हिरव्या पट्टीवर माझ्या टेम्पोवाल्यानं पहिल्याच दिवशी टेम्पो चढवला. एका शाळेतल्या मुलीनं त्याच्यामागे उभं राहून घंटी वाजवून वाजवून त्याला खाली उतरायला लावलं. तो अजून तिच्या नावानं खडे फोडतो.

पेपरात तुझा फोटो आला, तो पाहिला. तुझ्यामागे माझ्या दुकानाची पाटी आली आहे. ‘गाद्या’ दिसतं, ‘उशा व पडदे’ तुझ्या डोक्यामागे गेलं. लोक दुकानात येतात, गादी दाबून बघतात, ‘हे तुमच्या बहिणीनं केलं ना’ म्हणून तुझं कौतुक करतात, मग आणखी एक गादी दाबतात. धंदा वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान तुला चार शब्द सुनावता आले असते.

बाबा चालायला लागलेत. तुला माहीत असेलच. जन्मभर बस चालवताना ज्या माणसानं पायी चालणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडली, तो माणूस रोज चार वाजता टोपी घालून बाहेर पडतो. एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत जातो, टेकतो, पुन्हा निघतो. त्यांना दम लागायला लागल्यापासून इतकी वर्षं डॉक्टर म्हणू नकोस, न्हावी म्हणू नकोस, सगळीकडे मीच त्यांना गाडीतून नेलं. शेजारी बसून ते मला गिअर कधी बदलायचा ते सांगायचे आणि मी चिडायचे. परवा मी किल्ली घेऊन उभी राहिले तर म्हणाले, “तू जा दुकानात. मी जातो माझा.” आता गाडीत मला कोणी काही सांगत नाही. गिअर मी माझ्या मनानं बदलते.

आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच, आणि रेघोट्या ओढणं हा तर तुझा धंदाच आहे.

सभेचं मी विसरलेले नाही. चष्मेवालीच्या दुकानापासून माझ्या दुकानापर्यंत चढ आहे आणि चढाच्या मध्यावर माझं गोदाम. तिथे गोदामाच्या दारापाशी तू नकाशात बाक काढला होतास. मी म्हटलं, इथे माझा टेम्पो उभा राहतो, गाद्या काय हवेतून उतरवू? तू सगळ्यांसमोर म्हणालीस, “मॅडम, त्या जागी बाक महत्त्वाचा आहे.” मॅडम. तुझ्या वेण्या घातल्यात मी. का महत्त्वाचा ते विचारलं तर तू नुसता नकाशा सरळ करत बसलीस. मग सगळे दुकानदार माझ्या बाजूनं उठले आणि बाक गेला. मी जिंकले, हे पुन्हा एकदा लिहून कळवते.

तब्येतीला जप.

तुझी ताई

२ फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

तुझं चार ओळींचं उत्तर मिळालं. ‘बाबा चालतात हे वाचून आनंद झाला.’ जसं काही माझ्याकडूनच तुला कळलं. नाटकं पुरेत.

एक विचित्र गोष्ट सांगते. बाबांचा चष्मा स्वच्छ असतो. तुला यात काही वाटणार नाही, कारण तू तो कधी पुसला नाहीस. त्या काचांवर भाजीपासून खोबरेल तेलापर्यंत सगळं असायचं. गाडीत बसले की आधी मी त्यांचा चष्मा काढून घ्यायचे, पुसायचे, नाकावर ठेवायचे आणि मग गाडी सुरू करायचे. तेवढा वेळ ते डोळे मिचकावत लहान मुलासारखे बसून राहायचे. आता संध्याकाळी घरी येतात तेव्हा काचा लख्ख. स्वतः पुसतील तर शपथ.

शेवटी परवा दुकान नोकरावर सोपवून चढ उतरून खाली गेले. चष्मेवालीच्या दारातल्या बाकावर बाबा बसले होते. ती बाहेर आली, त्यांचा चष्मा काढून घेतला, कसलंसं पाणी फवारलं, पिवळ्या फडक्यानं पुसला आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या नाकावर ठेवला. म्हणाली, “बघा बाबा, आता दिसतं का सगळं?” बाबा म्हणाले, “तुझं दुकान सोडून सगळं दिसतं.” दोघं हसली. आपल्या दोघींशिवाय त्यांना बाबा म्हणणारी ही तिसरी कुठून आली? मी दिव्याच्या खांबाआड उभी होते. माझ्या अंगानं खांबाआड उभं राहणं किती शक्य आहे ते तुला माहीत आहे.

मग ते उठले. मला वाटलं, आता वर येतील. मी पळत दुकानात जायच्या बेतात होते, म्हणजे त्यांना मी गल्ल्यावरच सापडावं. त्यांनी वर माझ्या पाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि काठी टेकत घराकडे वळले.

रोज असंच होतं, चष्मेवालीनंच सांगितलं. रोज येतात, बसतात, पाटीकडे बघतात, परत जातात.

ठमे, मला हेवा वाटतो. लिहायचं नव्हतं, पण लिहिते. चष्मेवालीचा वाटतो, त्या बाकाचासुद्धा वाटतो, पण मुख्य तुझा वाटतो. केलं मी आणि ते हसतात तुझ्या रस्त्यावर. लहानपणी बाबांच्या बसमध्ये त्यांच्या बाजूची सीट तुला मिळायची, कारण मागे बसलं की तुला उलटी व्हायची. मी आपली मागे, अनोळखी लोकांच्या पिशव्यांमध्ये. तुझी उलटी खरी होती का, हे मला अजून कळलेलं नाही. एकदा खरं सांगून टाक.

उत्तर लांब लिही, नाहीतर लिहूच नकोस.

ताई

२० फेब्रुवारी

प्रिय ठमे,

तुझं उत्तर यायच्या आत हे लिहिते आहे.

मी बाबांना विचारलं. जेवताना विचारलं, म्हणजे उठून जाता येणार नाही. “चष्मेवालीपर्यंत जाता, माझ्याकडे का येत नाही? माझ्या दुकानाला काटे आहेत?”

ते म्हणाले, “पुढे चढ आहे गं. एका दमात होत नाही. मध्ये बाक होता, तो निघाला.”

“बाक होता हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मीच मागितला होता तो,” म्हणाले, आणि भात कालवत बसले.

मग एकेक सगळं बाहेर आलं. रस्ता खोदायच्या आधी मी दुकानात असताना ते फोन कानाला लावून बाजारात निघायचे. दुकानातून केलेला फोन लागला नाही की मला वाटायचं, अंगणात तुझ्याशी गप्पा मारताहेत. ते नुसते चालायचे आणि तू पलीकडून त्यांचा श्वास ऐकायचीस. श्वास वाढला की विचारायचीस, “आता कुठल्या दुकानासमोर आहात?” ते कोणाच्या तरी पायरीवर टेकायचे आणि तू कागदावर खूण करायचीस. परतीला गाडीही तूच बोलावून द्यायचीस. आज त्या बाकांवर गावातले सगळे गुडघेदुखे बसतात, आणि बाक बसलेत आपल्या म्हाताऱ्याच्या दमावर.

मी विचारलं, “पण तिलाच का? मला सांगायचं. मी गाडीतून वर आणलं असतं तुम्हाला.”

“तू मला आणतेस,” ते म्हणाले. “मला यायचं होतं. तुझ्या दुकानात एकदा माझा मी यायचं होतं. तुला आधी कळलं असतं तर मजा गेली असती, म्हणून मीच तिला म्हटलं, मोठीला सांगू नकोस.”

मी त्यांना न विचारताच आणखी भात वाढला.

म्हणजे तू सभेत उभी होतीस, तुला कारण माहीत होतं, आणि तू मॅडम म्हणून मोकळी झालीस. मला कान धरून बाहेर का नेलं नाहीस? बाबांना शब्द दिला होतास, कबूल. पण एकदा मोडायचास. आख्ख्या रस्त्याची ती वाट माझ्या दारापर्यंत येत होती आणि शेवटची पायरी मीच भांडून काढून घेतली. गोदाम छतापर्यंत गाद्यांनी भरलेलं, आणि त्याच्या दारात माझ्या बापाला टेकायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याला सांगितलं, दुपारनंतर मागच्या गल्लीत लाव. गोदामाच्या दारात गल्ल्यामागची माझी खुर्ची आणून ठेवली, वर उशी ठेवली आणि काही माहीत नसल्यासारखी दुकानात जाऊन बसले. बसायला खुर्ची नव्हती, गाद्यांच्या थप्पीवर बसले.

ते आले. खुर्चीत बराच वेळ बसलेले मला काचेतून दिसत होते. मग उठले, टोपी नीट केली, आणि दारात येऊन धापा टाकत म्हणाले, “मालकीणबाई आहेत का? एक उशी बघायची होती.”

मी त्यांना दहा उशा दाखवल्या. त्यांनी सगळ्या दाबल्या, भाव पाडून मागितला आणि एकही घेतली नाही. निघताना मी म्हटलं, “चष्मा द्या, पुसते.” ते म्हणाले, “अगं, खाली पुसलाय की तिनं.” मी तरी काढून घेतला आणि पुन्हा पुसला.

हेवा गेला असं समजू नकोस. दम लागतो कुठे, हे तू विचारलंस, मी कधी विचारलं नाही. मी सरळ गाडीच काढली. हे मला तुझ्याबद्दल पुढची बरीच वर्षं सलणार आहे, आणि तू ते सहन करायचं आहेस. बाबांच्या बाजूची सीट तेव्हाही तुझीच होती. पण या वेळी ते येत होते माझ्याकडे, हे तूही लक्षात ठेव.

पुढच्या महिन्यात दुकानदारांची सभा आहे. मी उठून सांगणार आहे की चढावर बाक हवा. कोणी कारण विचारलं तर सांगेन, माझ्याकडून शब्दबिब्द कोणी घेतलेला नाही. तू ये. मला मॅडम म्हणालीस तर मात्र तिथेच तुझी वेणी ओढीन.

हे पत्र मी गोदामाच्या दारातच बसून लिहिते आहे. चार वाजायला आले, ते येतील इतक्यात. उतारामुळे ही खुर्ची डगमगते. बाक लवकर पाठव.

तुझी,
मागच्या सीटवरची
ताई