राष्ट्रीय स्पर्धेत दोन बोटं कमी

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर साथ देते तेवढाच वाकलोय, उरलेला नमस्कार भेटीत). आम्ही इकडे धडधाकट आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागद बरा, तो मध्ये तोंड घालत नाही.

तू विचारलं होतंस, शिडीचं शिवणकाम कुठवर आलं. (शिडी म्हणजे तुझीच लेक. दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवरचे गठ्ठे ती टाचा न उचलता काढते, म्हणून हे नाव पडलं.) तर सांगतो. तुरपाई छान करते. बटणं अशी पक्की लावते की शर्ट फाटेल पण बटण निघणार नाही. काजं मात्र अजून मांजरानं ओरबाडल्यासारखी दिसतात. आणि एक खोड तुझ्याकडून आली तशीच आहे: मध्येच सुई वर धरून बाहेर बघत बसते. एकदा मी विचारलं, काय बघतेस गं? तर म्हणाली, "काही नाही मामा, समोरच्या भिंतीवरून सावली खाली उतरतेय. तिला सोबत करतेय." आता अशा पोरीला काय रागावणार? मीही जरा वेळ सोबत केली. (गिऱ्हाईक दोन हाका मारून निघून गेलं.)

आता ताई, उभी असशील तर बस. मागच्या वर्षी तिचा दात तुटला तेव्हा तू तिचं कराटे बंद केलंस आणि शाळेसाठी माझ्याकडे पाठवताना म्हणालीस, "हात कामात गुंतले की पाय उचलणार नाहीत." विचार उत्तम होता. फक्त माझ्या दुकानाच्या बरोबर वरच्या मजल्यावर कराटेचा वर्ग भरतो, हे तुला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. (राहून गेलं असं आपण म्हणू.) पहिला आठवडा ती नुसती छताकडे बघत होती. संध्याकाळी वर चाळीस पाय एकदम आपटले की ट्यूबलाइटवरचे धागे आणि कापसाचे पुंजके हळूहळू खाली उतरतात, आणि आम्ही दोघं मान वर करून ते बघत बसायचो. दुसऱ्या आठवड्यात मी एकटाच मान वर करून बसलो होतो. तिला अडवायला हवं होतं, कबूल. पण खालून ऐकताना मला तिचं पाऊल वेगळं ओळखू यायला लागलं. सगळ्यांचे पाय पडायचे आणि त्यांच्या किंचित मागून, जसं काही आधी ऐकून मग, तिचा पडायचा. ते पाऊल बंद करा असं सांगायला जिना चढायचा म्हणजे माझी कंबर, तुला माहीतच आहे.

वर्ग चालवणाऱ्या बाई एरवी दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे सोडवतात. त्या एके दिवशी खाली आल्या नि म्हणाल्या, "मास्तर, पाच मुलांची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झालीय. पाच पोशाख शिवाल का? आणि सोबत मोठं माणूस हवंय, तर येता का? काही करायचं नाही, नुसतं बसायचं." नुसतं बसण्याचा मला तीस वर्षांचा अनुभव. हो म्हणालो. पाचांत शिडी आहे हे मला मापं घेताना कळलं. (खरं म्हणजे आधीच कळलं होतं.)

प्रवासात पाचही पोरं एकमेकांच्या अंगावर कलंडून झोपली, आणि त्यांना बघता बघता मीही. पहाटे जाग आली तेव्हा गाडीच्या खिडकीबाहेर सगळं दुधासारखं पांढरं धुकं होतं, आतही पोरांच्या पोशाखांमुळे सगळं पांढरं, आणि मी सवयीनं मुलं मोजली तर सहा भरली. पुन्हा मोजली. सहाच. एक परकी पोरगी, पोशाखासकट, माझ्याच मांडीवर डोकं ठेवून झोपलेली. ताई, खरं सांगतो, इतकी गाढ झोपली होती की मला वाटलं, असू दे, होईल सोय. पुढच्या डब्यातून तिचे सर धापा टाकत आले तेव्हा तिला परत केलं. जाताना तिनं मला "येते, आजोबा" म्हटलं. (आजोबा! अजून केस काळे आहेत माझे. बाजूचे.)

स्पर्धेचा हॉल म्हणजे काय सांगू! एवढं मोठं छत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. अगदी वर खिडक्यांची रांग, तिथून ऊन तिरपं खाली येत होतं आणि त्या उन्हात शेकडो पांढरे पोशाख असे हलत होते, जशी धुवून वाळत घातलेली सगळ्या देशाची कापडं दोरीवरून उतरून स्वतःच चालायला लागली आहेत. मी भान हरपून दोन-तीन परक्या मुलांच्या बाह्यांची शिलाई बोटांनी तपासली. तिसऱ्या खेपेला एका रखवालदारानं माझ्या बाहीला धरून मला जागेवर बसवलं.

आणि मग पोशाखाची तपासणी. पॅन्टनं नडगी नीट झाकली पाहिजे असा नियम आहे. पंचांनी शिडीच्या पायाला पट्टी लावली नि मान हलवली. दोन बोटं कमी! माझं माप चुकलं नव्हतं गं, तीन महिन्यांत तुझी पोरगीच वाढली होती. पंच म्हणाले, दहा मिनिटं देतो. बाई पांढऱ्या पडल्या. मी मात्र आतून दुमड भरपूर सोडली होती (वाढत्या मुलांचं शिवताना शिंप्यानं आशावादी असावं). तिथंच जिन्याच्या पायरीवर बसलो, दुमड उसवली आणि तिच्या अंगावरच तुरपाई सुरू केली. सगळीकडे आरडाओरडा, घंटा, नावांचा पुकारा, आणि ही माझ्यासमोर उभी राहून छताकडे बघत म्हणते, "मामा, वर कबुतर आहे. त्याला किती शांत दिसत असेल ना सगळं?" मीही वर बघितलं. हात चालूच होता. शेवटची गाठ मारली, तिचा पुकारा झाला, ती धावली आणि माझा उजवा हात तिच्यामागून निघाला. तिच्या पॅन्टला मी माझ्या बाहीची कड शिवली होती! सात-आठ पावलं आम्ही मामा-भाची जोडीनं स्पर्धेत उतरलो. मग मी दातांनी दोरा तोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिची स्पर्धा कोणाला मारायची नव्हती, तेव्हा दातांची काळजी सोड. ठरलेल्या हालचाली एकट्यानं हवेत करून दाखवायच्या, जणू समोर माणसं आहेत. ती सुरू झाली नि मला फक्त कापडाचा आवाज ऐकू यायला लागला. हात झेपावला की बाही फट्कन वाजायची, मग शांत, मग पुन्हा. तीस वर्षं मी कपडे शिवतोय, पण माझं कापड असं बोलतं हे मला माहीत नव्हतं. तीन फेऱ्या ती जिंकली. चौथीत, पदकाच्या फेरीत, मध्येच थांबली. हात पुढे, नजर गॅलरीकडे. एक श्वास. दोन. सगळा हॉल थांबल्यासारखा वाटला, ऊनसुद्धा. मग तिनं पुढची हालचाल केली आणि शेवटपर्यंत अशी सुरेख गेली की समोरच्या संघाच्या सरांनीही मान डोलावली. पण मध्ये थांबली ती थांबलीच. पाच पंचांपैकी तिघांनी झेंडे दुसऱ्या मुलीच्या बाजूनं वर केले.

मी बाहेर विचारलं, घाबरलीस का गं? म्हणाली, "नाही मामा. तिकडे एक बाई उभी राहिली, अगदी आईसारखा अंबाडा. मला वाटलं, आई आली."

आम्ही पायरीवर बसून केळी खाल्ली.

तर असं आहे. शिवणकामाची प्रगती बरी आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. भाऊजींना यातलं काही सांगू नकोस असं लिहिणार होतो, पण त्यांना पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. त्यांना रागावू नकोस. मधल्या काळात त्यांचा खोकला वाढायचा तो बराचसा तुझ्यासमोर बोलणं गिळल्यामुळे.

ता. क. २. राष्ट्रीय संघाची निवड करणाऱ्यांनी ती थांबलेली पाहूनही तिला तीन आठवड्यांच्या शिबिराला बोलावलंय. सोबतच्या अर्जावर आईची सही लागते. मामाची चालत नाही. मी विचारून पाहिलं, दोन वेळा.

ता. क. ३. पोस्टावर माझा विश्वास नाही, म्हणून हे पत्र मी शिडीच्याच हाती दिलंय. तिनं ते वाचलेलं नाही. म्हणजे आत्ता ती तुझ्यासमोर उभी आहे आणि तू कुठल्या ओळीवर आहेस ते तुझ्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करतेय. आता मान वर कर, ताई.