साक्षीदाराला काही मिळत नाही

मी, खाली सही करणारा, तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवत आहे. दबाव आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. माझे मन ठिकाणावर आहे. मन म्हणजे काय, हे नोकरीभर शिकवूनही मला धड सांगता येणार नाही, पण वकीलबाईंच्या मते त्याची गरज नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. दुसऱ्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर, आतल्या सामानासह, माझ्या भाचीला मिळावे. ती दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर आहे. रविवारी फोन करून "मामा, जेवलात का?" एवढेच विचारते, पण विचारते. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. न्हाणीघराचा नळ गळतो, हे घेणाऱ्याला आधी सांगावे. माझी पत्नी म्हणायची, "तुमचं दोघांचं तत्त्वज्ञान राहू द्या बाजूला, आधी कुणीतरी वायसर बदला."

दोघांचे म्हणजे माझे आणि समोरच्या दारात राहणाऱ्या माझ्या सहकाऱ्याचे. मी पाश्चात्त्य विचार शिकवायचो, तो चिनी. मुले मला ग्रीक सर म्हणत आणि त्याला चिनी सर. विभागात आम्ही दोघेच, टेबल एक, भांडण रोजचे. संध्याकाळी उरलेले भांडण आम्ही माझ्या स्वयंपाकघरात आणायचो. नळ दुरुस्त करावा की पाण्याला त्याच्या मार्गाने जाऊ द्यावे, यावर आम्ही एक अख्खा हिवाळा घालवला आहे.

कलम दोन. बँकेतल्या शिलकीतून माझ्या अंत्यविधीचा खर्च व्हावा, बाकी भाचीला. भाषणे नकोत. पत्नीचे शिवणयंत्र खालच्या शिंप्याला द्यावे. तो तिला वहिनी म्हणायचा, आणि आजही जिन्यात भेटला की तिच्याबद्दल बोलतो. बाकीचे लोक मला वाईट वाटेल म्हणून तिचे नाव टाळतात. त्यानेच जास्त वाईट वाटते.

कलम तीन. आमचा विभाग बंद करताना माजी प्राचार्यांनी भर सभेत विचारले होते, "पण याचा रोजच्या जगण्यात उपयोग काय?" त्यांना मी माझी खुर्ची देतो. तिचा एक पाय आखूड आहे. तिच्यावर बसून त्यांनी स्वतःच विचार करावा.

माझे उत्तरही नोंदवून ठेवतो, कारण त्या सभेत मला ते सुचले नव्हते. पेन्शनच्या रांगेत ऐन माझ्या तोंडावर खिडकी बंद झाली की, आपल्या हातात काय आहे आणि काय नाही ही पाश्चात्त्यांची जुनी वाटणी मला उपयोगी पडली. दाढदुखीतही थोडीफार पडली. पलंगाच्या रिकाम्या बाजूपुढे मात्र तिचा काही उपयोग झाला नाही. चिनी सर सांगायचा की, खोली उपयोगी होते ती भिंतींमुळे नव्हे, मधल्या रिकाम्या जागेमुळे. त्या हिशेबाने माझ्या दोन्ही खोल्या आता भलत्याच उपयोगी झाल्या आहेत.

कलम चार. पोचा आलेले दुधाचे पातेले भाचीने मोडीत घालू नये. त्याचे कारण असे. पत्नी गेली त्या दुपारी लोक येऊन जात होते. चिनी सर आला, माझ्यासमोर जमिनीवर बसला, ओट्यावरचे ते पातेले पालथे मांडीवर घेतले आणि चमच्याने वाजवत गाऊ लागला. एका जुन्या चिनी विचारवंताने बायको गेल्यावर असेच केले होते, अशी गोष्ट आहे. ती त्याने मुलांना दर वर्षी सांगितली होती आणि मीही दाराआडून ऐकली होती. तरी माझे डोके फिरले.

"ऊठ," मी म्हणालो. "ते ठेव खाली आणि चालता हो."

"अरे, ऐक तरी माझं..."

"आयुष्यभर ऐकलं. आता पुरे."

तो पातेले खाली ठेवून निघून गेला. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. मधे फक्त जिन्याचा चौक आहे. त्याचा खोकला मला ऐकू येतो. माझा रेडिओ त्याला ऐकू जात असणार. भाची त्या दुपारी इथेच होती. ती म्हणते, "मामा, ते गात नव्हते हो, रडत होते. त्यांना तसंच येत असेल रडायला." मला हे पूर्ण पटलेले नाही. पण ते मनातून जातही नाही.

कलम पाच. माझी सर्व पुस्तके चिनी सरला मिळावीत. समासात जागोजागी त्याच्याच पेन्सिलीने "साफ चूक" लिहिलेले आहे. अजूनही मी एखादे वाक्य मोठ्याने वाचतो आणि कोणीतरी ते म्हणावे म्हणून थांबतो. कोणी म्हणत नाही. मला फार एकटे वाटते. हे मृत्युपत्रात लिहायचे नसते म्हणे, पण मग कुठे लिहू?

या कलमात एक अडचण आहे. मला साक्षीदार म्हणून तोच हवा आहे. वकीलबाई म्हणाल्या, "सर, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. त्यांना पुस्तकं द्या, नाहीतर त्यांची सही घ्या." म्हणून असे ठरवतो: तो सहीला आला तर हे कलम रद्द आणि पुस्तके भाचीकडे. नाही आला तर पुस्तके त्याची. पुस्तके त्याला न मिळोत, अशी माझी इच्छा आहे. हा कागद वकीलबाई आज समोरच्या दारी नेऊन दाखवतील. मी स्वतः नेला असता, पण ते दार ठोठावण्याचे बळ माझ्यात नाही.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी
सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिली: वकीलबाई. सरांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: समोरच्या दारात राहणारा. याने माझ्यासमोर पूर्ण शुद्धीत सही केली. कलम पाच त्यामुळे रद्द झाले, हे मला समजले आहे. सही झाल्यावर तो बराच वेळ रडला. मी शेजारी बसून राहिलो.