सिस्टरांचा बंद फोन

मंगळवार, ४ मार्च

नक्की झालं. सोमवारपासून सिस्टर मुलांचं इन्सुलिन कमी-जास्त करणार नाहीत. मुलांच्या विभागाच्या डॉक्टरांनी स्वतः फोनवर सांगितलं. कारण विचारलं तर म्हणे, "अंतर्गत बाब आहे." अंतर्गत! माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटात रोज सुई जाते, त्याहून अंतर्गत काय असतं?

शेजारीण म्हणाली, "बरंच झालं की. डॉक्टर ते डॉक्टर, नर्स ती नर्स."

तिच्याशी काय डोकं लावायचं! सिस्टर नुसत्या नर्स नाहीत – नर्स प्रॅक्टिशनर आहेत. वर आणखी शिकून, परीक्षा देऊन, मुलांना तपासायचा आणि औषध बदलायचा अधिकार त्यांनी मिळवलाय. डॉक्टर फक्त गुरुवारी येतात. बाकी आठवडाभर सिस्टर, आणि दवाखाना बंद झाला की सिस्टरांचा फोन.

गुरुवार, ६ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आलो.

"बाहेरचं काही खाल्लंस का बाळ?"

"नाही."

धडधडीत खोटं! हिला घरात खारू म्हणतात ते उगाच नाही – गालात बिस्किटं साठवते. सिस्टर विचारतात, "काय खारूताई, या वेळी कुठं दडवलंस?" की ही खिदळत सगळं कबूल करते. दप्तराचा कप्पा, उशीची खोळ, सगळं. त्यावरून त्या डोस ठरवतात. डॉक्टर माणूस वाईट नाही. पण आज त्यांनी डोस ठरवला तो थापेवर. आणि मी? गप्प बसले. डॉक्टरांसमोर पोरीचा अपमान नको म्हणून.

शनिवार, ८ मार्च

नवरा म्हणतो, "पेपरात काम करतेस म्हणून घरातही मथळ्यांत बोलू नकोस."

मग काय, चौकटीत बोलू?

सोमवार, १० मार्च

सिस्टरांचा फोन बंद.

बुधवार, १२ मार्च



काल खारूला ताप आला. साखर चढली ती उतरेचना. एरवी सिस्टर फोनवर सांगतात – एवढं वाढवा, पाणी पाजत राहा, थोड्या वेळानं परत कळवा. आज सकाळी दवाखान्यात फोन केला. काउंटरवरची बाई म्हणाली, "डॉक्टर उद्या आहेत. उद्या या."

"अहो, ती ओकतेय!"

"मग तातडीच्या विभागात न्या ना. मला काय विचारता?"

नेलं. रिक्षात ती माझ्या मांडीवर नुसती लोळागोळा. हाक मारली की "हं" म्हणायची, पुढे पुढे तेही नाही. आता सलाइन लावलंय. धोका टळला म्हणतात. पण पोरीला इथवर आणलंच का? कुणाच्या अंतर्गत बाबीपायी?

शुक्रवार, १४ मार्च

खारू घरी आली. शिंच्या बिस्किटांचा पुडा मी स्वतः कचऱ्यात टाकला, तर म्हणते, "एक तरी बिस्कीट ठेवायचं होतंस, साखर उतरली तर?" सिस्टरांनीच शिकवलेलं!

लेख लिहिला. 'सिस्टरांचे हात कोणी बांधले?' इतकी वर्षं बातम्यांच्या टेबलावर दुसऱ्यांच्या मजकुरातला भडकपणा काढून तो थंड करत आले. हा नाही केला. डॉक्टरांना विचारलं, व्यवस्थापनाला विचारलं, दोघांनी तोंडं शिवलेली. तसंच लिहिलं. संपादक म्हणाले, "सिस्टर काय म्हणतात?" म्हटलं, "त्यांना बोलायची बंदी असणार. त्यांच्या नोकरीवर कशाला आणू?" ते मान हलवून मोकळे झाले. रविवारी येतोय. पालकांच्या ग्रुपवरही टाकलं – सोमवारी सकाळी सगळे दवाखान्याच्या दारात. बघतेच!

रविवार, १६ मार्च

सिस्टर घरी आल्या. हातात आजचा पेपर. आधी खारूचे डोळे, जीभ, बोटं बघितली. मग माझ्याकडे वळल्या.

"छान लिहिलंय. पण माझे हात कुणी बांधले नाहीत. मीच काढून घेतले."

मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. त्या बसल्या नाहीत.

"दोन वर्षं मागतेय, जोडीला आणखी एक नर्स द्या. एवढी मुलं, मी एकटी. डॉक्टर माझ्यासाठी वर भांडले, त्यांनाच तुम्ही धुतलंत. पालकांना सांगू नका असं मीच त्यांना म्हटलं होतं. काम सोडल्याशिवाय वरच्यांना काम दिसत नाही, असं वाटलं." मग म्हणाल्या, "तुम्ही सगळे केव्हाही फोन करायचात. सिस्टर, तुम्ही आजारी पडलात तर आमचं काय, हे एकानं तरी विचारलंत?"

मी नाही विचारलं. आणि मला त्यांचाही राग येतोय. माझी पोर सलाइनवर होती! तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. म्हणून तर आले."

उद्या सकाळी पालक जमतील – मी बोलावलेले, माझा लेख हातात घेऊन, डॉक्टरांच्या नावानं ओरडायला. सिस्टरही येणार आहेत. "डॉक्टरांचं तुम्ही सांगा," म्हणाल्या, "माझं मी सांगते."